करडी गाडी उघडी असता पिवळीने घाट चढल्याची हकीकत

श्री वायुदेवास नमन, रस्त्यास नमन, आणि ज्या कोणी प्रथम चाक घडविले त्या अज्ञात पुरुषास त्रिवार नमन. लिहावयास कारण ऐसे जे, शके अठराशे एक्याण्णव, सौम्यनाम संवत्सरे, वैशाख मासापासून या राज्यात जे वर्तमान जाहले, त्याची साक्ष देणारी माणसे आता थकली आणि जो तो आपल्या सोयीप्रमाणे सांगू लागला; सबब लेखकाने सदरेच्या कोपऱ्यात बसून जे कानी ऐकिले आणि डोळां देखिले, व जे प्रत्यक्ष देखिले नाही ते ज्यांनी देखिले त्यांस विचारून, तेवढे लिहिले. राज्याचे नाव विचारू नये, लेखकाचेही विचारू नये. राज्य लहान. वर कातळाचे पठार, त्यावर राजधानी. खाली नदीकाठचा परगणा. आणि दोहोंच्या मध्ये नऊ कोसांचा घाट, ज्यात पाण्याचा थेंब नाही. हा घाट ध्यानी घेऊन कैलासवासी थोरल्या महाराजांनी दोघां पुत्रांस दोन सारख्या गाड्या दूरदेशाहून आणविल्या होत्या. गाडी कासवाच्या पाठीची, इंजिन पुढे नसून मागे, आणि त्यास पाणी लागत नाही. आत पंखा फिरतो आणि वाराच यंत्रास थंड ठेवितो. थोरले पुत्र श्रीमंत उदाजीराव, त्यांस करडी दिली. धाकटे मानाजीराव, त्यांस पिवळी दिली. पुढे महाराज निवर्तले, उदाजीराव गादीवर बसले, आणि शके अठराशे ऐंशीत आईसाहेबही गेल्या, आणि त्याच दिवशी दोघां बंधूंचे बोलणे बंद पडिले. कारण ऐसे की, आईसाहेबांचा काळ जवळ आला तेव्हा मानाजीराव बंदरावर होते. निरोप पावताच निघाले, परंतु अग्नी दिल्यावर चार घटकांनी वाड्यात आले, तेही पायी, धुळीने माखलेले. म्हणाले, घाटात गाडीची तार तुटली. उदाजीराव भर सदरेत बोलिले, "आमच्या गाडीची तार कधी तुटली नाही. तुझीच बरी तुटते. आईच्या अंतकाळी ज्यास रस्ता सापडला नाही, त्यास पुढेही आमच्या दाराचा रस्ता न सापडो." मानाजीराव आल्या पावली परत फिरले, राजधानीच्याच खालच्या पेठेत बिऱ्हाड केले, आणि अकरा वर्षे एका गावात राहून बंधूंनी एकमेकांचे तोंड पाहिले नाही. मध्यंतरी मानाजीरावांस काचबिंदू जाहला आणि दोन्ही डोळे गेले. हे वर्तमान उदाजीरावांस कळले, त्या रात्री ते जेवले नाहीत असे मुदपाकखान्याचे लोक सांगतात; परंतु भेटीस गेले नाहीत.

आता मूळ मजकूर. श्रीमंतांचा शिरस्ता ऐसा की, दर गुरुवारी स्वतः गाडी हाकीत घाट उतरावा, परगण्याच्या चावडीत बसावे, रयतेचे तंटे ऐकावे, आणि दिवस मावळता वर यावे. वैशाखातील एका गुरुवारी उतारावर म्हैस आडवी आली, श्रीमंतांनी ब्रेकवर पाय जोराने दाबिला, तो टाच तळपत्र्यातून खाली गेली आणि दोन पायांच्या मधून रस्ता पळताना दिसू लागला. जोडा गेला, परंतु गाडी थांबली आणि म्हैसही वाचली. मग बैल जुंपून गाडी वर आणिली, आणि यंत्रखान्याचे दरोगे नागोजी पांचाळ यांस बोलावणे गेले. नागोजी साठीचा, बोलणे थोडे, हात काळे. गाडीखाली शिरला तो दोन घटका बाहेर आला नाही. आला तेव्हा श्रीमंतांनी विचारिले, "काय दिसते?" नागोजी बोलिला, "महाराज, रंग जागेवर आहे. त्याच्या आत काही उरले नाही." मग त्याने सांगितले की धड उचलून बाजूस ठेवावे लागेल, तळ नवा घालावा लागेल, इंजिन उघडून प्रत्येक जिन्नस धुऊन पाहावा लागेल, आणि यास दोन वर्षे लागतील, घाई केली तर तीन. कारभारी सिदोपंत म्हणाले, "दोन वर्षे श्रीमंतांनी काय घोड्यावर जावे? शेजारच्या राज्यातून नवी मोठी गाडी आणवू, आणि ही मोडीत घालू." तेव्हा नागोजीने मान हलविली आणि म्हणाला, "नवी आणाल ती पाणी पिणारी. आपल्या घाटात तिला कोण पाजणार? आणि दुसरे सांगतो, रागावू नये. गाडी उघडली की धन्याचे मन खचते. आज दार निघाले, उद्या चाक निघाले, आणि बसावयास काही उरत नाही. चार महिने धनी रोज येऊन पाहतो, मग आठवड्याने येतो, मग येतच नाही. मी अशी सोडून दिलेली तीन धडे या मुलखात पाहिली आहेत. एकात कोंबड्या अंडी घालतात. म्हणून दुरुस्ती चालू असता हाती चालती गाडी पाहिजे, आणि तीही याच जातीची, वाऱ्यावर थंड होणारी. म्हणजे नाद टिकतो, आणि मलाही एखादा स्क्रू कोठला हे विसरल्यास जाऊन पाहता येते." सिदोपंतांनी पुसिले, "आणि एकीचा जिन्नस काढून दुसरीस लाविला तर काम लवकर नाही का होणार?" नागोजी म्हणाला, "तसे केले की दोन गाड्या उघड्या पडतात." श्रीमंतांस हे पटले आणि अशी गाडी शोधावी अशी आज्ञा जाहली.

मग शोध चालला. त्या काळी या जातीच्या चालत्या गाड्या राज्यात तीन होत्या. पहिली रेशमाचे व्यापारी लखमशेट यांची, डाळिंबी रंगाची, अशी चकचकीत की शेटजी तीत पाहून पागोटे नीट करीत. श्रीमंत पाहावयास गेले, बसले, चार पावले चालविली आणि मनापासून खूष जाहले. सिदोपंत तर म्हणाले की आता शोध पुरे. नागोजीने कमरेच्या पिशवीतून लोहचुंबक काढिले आणि गाडीच्या अंगावरून फिरवू लागला. वरच्या भागास ते टक्क करून चिकटे; परंतु दारांखाली आणि चाकांच्या कमानींपाशी धरीना, गळून खाली पडे. तेथे पत्रा नव्हताच, रंगाखाली लांबी, म्हणजे भोके बुजवावयाचा लगदा, भरली होती. नागोजीने अंगठ्याने दाबिले तो वीतभर तुकडा हातात आला. लखमशेट म्हणाले, "ही गाडी मी नुसती पाहावयास म्हणून घेतली होती." नागोजी म्हणाला, "पाहावयास उत्तम आहे." दुसरी गाडी किल्लेदार संभूसिंग यांची, काळी, बसकी, दोनच दारांची, शर्यतीच्या जातीची. तीत श्रीमंत बसले आणि किल्लेदारांनी माळावर अशी फिरविली की सिदोपंत मागे बसले होते ते उतरल्यावर बराच वेळ एका दगडावर बसून राहिले. श्रीमंतांस आपले तारुण्य आठवले आणि त्यांचा जीव तीत गुंतला. नागोजीने मागचे झाकण उघडून हात फिरविला, तेलाने माखलेला हात श्रीमंतांपुढे धरिला आणि म्हणाला, "गाडी खोटी नाही. परंतु ही शर्यतीची घोडी आहे. दर गुरुवारी घाट उतरून चढून, दोन वर्षे, हिच्याने होणार नाही. आणि मला करडी सोडून हिच्याच मागे राहावे लागेल." श्रीमंतांनी विचारिले, "मग तिसरी कोठे?" नागोजी खाली पाहू लागला. सिदोपंतांनी खाकरून सांगितले, "तिसरी खालच्या पेठेत आहे." श्रीमंत समजले. म्हणाले, "दोनच आहेत असे समजा," आणि उठून गेले.

मग सिदोपंतांचे चालले आणि शेजारच्या राज्यातून मोठी गाडी आली, लांबच लांब, पुढे चांदीचा पक्षी. पहिल्याच गुरुवारी, ऐन उन्हात, निम्मा घाट उतरण्याच्या आत, मधल्या चढणीवर, ती उकळली आणि पुढून वाफेचा लोट निघाला. पिण्याचे पाणी होते ते घातले, सिदोपंतांच्या फिरकीच्या तांब्यातील घातले, ताकही घालावे काय असा विचार जाहला, आणि श्रीमंत दिवसभर कड्याच्या सावलीत बसून राहिले. खाली चावडीत लोक वाट पाहत होते. त्यात कोंडाबाई धनगरीण, वय सत्तर, मेंढरांच्या वाटेचा तंटा घेऊन चार कोस चालत आली होती. ती दिवस मावळेपर्यंत बसली आणि परत गेली. दुसरे दिवशी त्याच वाटेवर काठ्या चालल्या आणि तिच्या पुतण्याचे डोके फुटले. वाचला, परंतु एका कानाने ऐकू येईना. हे वर्तमान आले तेव्हा श्रीमंतांनी नागोजीस एकट्यास बोलाविले आणि विचारिले, "पिवळी तू पाहिली आहेस?" नागोजी म्हणाला, "पाहिली. खोटे का बोलू? रंग उडाला आहे, डाव्या अंगास मोठा पोचा आहे, बैठक उसवली आहे. परंतु तळ कोरा आहे. तेल मधासारखे आहे. धाकटे महाराज रोज सकाळी अंगणात तीत जाऊन बसतात, इंजिन चालू करितात, एक घटका ऐकतात आणि बंद करितात. दिसत नाही तरी एक दिवस चुकला नाही. राज्यात विश्वासाची गाडी तेवढी एकच आहे." श्रीमंत म्हणाले, "तू मागून आण." नागोजी म्हणाला, "मी मागितली तर देतीलही. परंतु महाराज, ती मी मागू नये."

तेव्हा ज्येष्ठ शुद्ध द्वितीयेस श्रीमंत उदाजीराव, छत्रचामर काही न घेता, पायी खालच्या पेठेत गेले. दारात धाकट्यांच्या पत्नी लाडूबाईसाहेब उभ्या होत्या. त्यांनी पदर घेतला, बसावयास पाट दिला, आणि मानाजीराव आत चार हातांवर बसलेले असता श्रीमंत बाईंकडे पाहून बोलिले, "बाई, आमची गाडी उघडली आहे. परगण्यात जावयास दुसरी नाही. यांची मिळाली तर दुरुस्ती होईतो वापरू. रयत खोळंबली आहे." लाडूबाईंनी आत पाहिले. मानाजीराव भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "त्यांस सांगा, गाडी खुशाल न्यावी. परंतु दर गुरुवारी मी तीत बसेन. माझी गाडी कोण कशी हाकितो हे मला ऐकावयाचे आहे." बाई श्रीमंतांस म्हणाल्या, "ऐकलेत ना? मी पुन्हा सांगत नाही. दोघेही बहिरे नाही आहात." मग हळू बोलिल्या, "दादासाहेब, घेऊन जा त्यांना. घरात बसून त्यांस भिंती खावयास उठतात." श्रीमंतांनी मान्य केले. करडी नीट होईतोपर्यंतच पिवळी घ्यावी आणि मानाजीरावांची बैठक तीत तोपर्यंतच, ऐसा करार तोंडी जाहला आणि दोघांनीही तो पक्का ध्यानी धरिला.

पुढे सतरा गुरुवार ऐसे गेले की थोरले पुढे, धाकटे मागे, आणि शब्द नाही. मानाजीरावांच्या हाती वेताची काठी असे. श्रीमंतांनी गिअर उशिरा बदलिला तर मागून पुढच्या बैठकीवर एक टोला पडे. क्लचवर पाय ठेवून उतरू लागले तर दोन. प्रथम श्रीमंतांचे कान लाल होत, परंतु आश्विनापर्यंत टोले कमी जाहले. इकडे यंत्रखान्यात करडीचे धड आढ्यास टांगले, तळ कापून काढिला, आणि श्रीमंत रोज संध्याकाळी जाऊन गंज घासू लागले. नागोजीने सांगितले होते तेच घडले. हाती चालती गाडी होती म्हणून उघडी गाडी पाहून त्यांचे मन खचले नाही. पिवळीत एखादा आवाज ऐकावा आणि करडीत तो जिन्नस उघडा पाहावा, असे करिता करिता श्रीमंत इतके शिकले की दरबारच्या कामात असता नखांत काळे दिसू लागले, आणि परराज्यांचे वकील ते पाहून न पाहिल्यासारखे करीत.

आश्विनातील दुसऱ्या गुरुवारी परगण्याहून परत येताना, तिसऱ्या प्रहरी, निम्मा घाट चढल्यावर भैरोबाच्या वळणापाशी श्रीमंतांच्या पायाखालची वेगाची पट्टी एकाएकी तळास जाऊन टेकली. इंजिन चालू, परंतु पुटपुटल्यासारखे. गाडी जागची हलेना. श्रीमंत उतरले, मागचे झाकण उघडिले. पट्टीपासून इंजिनापर्यंत लांब तार गेलेली असते, ती तुटून तिचे टोक लोंबत होते. श्रीमंत ते टोक दोन बोटांत धरून उभे राहिले. आतून मानाजीराव बोलिले, "तार तुटली." अकरा वर्षांनी हा पहिला शब्द. श्रीमंत म्हणाले, "तुटली." मानाजीराव म्हणाले, "दप्तराची दोरी आहे?" तंट्याच्या कागदांचे दोन रुमाल होते, त्यांच्या दोऱ्या सोडिल्या आणि एकीस एक गाठ दिली. मानाजीराव चाचपत उतरले, झाकणात हात घातला, आणि डोळसाने करावे तितक्या वेळात ती दोरी इंजिनाच्या खटक्यास बांधिली. मग दोरी बाजूने पुढे घेतली, डाव्या खिडकीतून आत ओढिली, आणि मागे न बसता पुढे श्रीमंतांच्या शेजारी बसले. म्हणाले, "मी दोरी ओढतो. किती ओढावी ते आपण सांगा. मला वळण दिसत नाही." श्रीमंत म्हणाले, "ओढ." गाडीने अशी उडी घेतली की दोघांची पागोटी छतास लागली. "इतकी नव्हे." "मग किती ते बोला." "एक बोट." "हं." "दोन बोटे. वळण आले, सोड. सोड म्हणतो ना. आता ओढ, चढ आहे, मूठभर ओढ." याप्रमाणे एकाने चाक धरिले आणि एकाने वेग धरिला, आणि साडेचार कोस घाट चढला. वाटेत लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या बाया भेटल्या, त्यांनी श्रीमंत आपल्या बंधूवर ओरडत आहेत असे गावात जाऊन सांगितले, आणि पेठेत दिवे लागण्याच्या आत भांडणाची बातमी पसरली.

माथ्यावर आल्यावर श्रीमंतांनी गाडी उभी केली. म्हणाले, "त्या दिवशी तू एकटाच होतास." "एकटाच." "दोरी लाविली होतीस?" "धोतराचा काठ फाडून लाविला होता. एक हात चाकावर, एक काठावर. गिअर बदलावयास तिसरा हात कोठून आणावा? दोन वळणे चढलो, तिसऱ्यास कठड्यास जाऊन लागलो. डाव्या अंगास पोचा आहे तो त्याचा. मग गाडी तेथे सोडली आणि चालत आलो." श्रीमंत म्हणाले, "हे तू सांगितले नव्हतेस." "सांगत होतो. आपण तार तुटत नाही म्हणालात, मग पुढचे राहिले." मग मानाजीरावांनी विचारिले, "आईसाहेब शेवटी काय बोलल्या? मला आजवर कोणी सांगितले नाही." श्रीमंत म्हणाले, "मान्याची गाडी आली काय, असे दोन वेळा विचारले. मी म्हटले, येते आहे. मग निजल्या." मानाजीरावांनी मान हलविली. दोरी त्यांच्या मुठीत तशीच होती, ती सोडावयाचे त्यांस सुचले नाही. श्रीमंत म्हणाले, "मला राग त्याचाच होता. त्या तुला विचारीत होत्या, आणि मी समोर होतो." मानाजीराव म्हणाले, "आता चला. घरी ती काळजी करीत असेल."

दुसरे दिवशी श्रीमंतांनी सदर भरविली. मानकरी, कारभारी, पेठेतील शेट, सारे बसले असता मानाजीरावांस हात धरून आणिले आणि आपल्या डाव्या बाजूस बसविले. मग उभे राहून बोलिले, "अकरा वर्षांपूर्वी याच जागेवर आम्ही आमच्या बंधूस जे बोललो ते खोटे होते. तार तुटते." इतकेच बोलून खाली बसले. पुष्कळांस अर्थ समजला नाही, परंतु सर्वांनी मुजरा केला.

मग गुरुवार पूर्वीसारखे मुके राहिले नाहीत. नवी तार घातली तरी मानाजीराव पुढेच बसत. जाताना वादविवाद आणि येताना जुन्या गोष्टी चालत, आणि चावडीतही मानाजीराव शेजारी बसू लागले. त्यांस तोंडे दिसत नसल्याने कोण थोर कोण लहान हे कळत नसे, आवाजावरून खरे खोटे तेवढे कळे. पुष्कळ तंटे त्यामुळे लवकर मिटले. कोंडाबाईच्या मेंढरांची वाटही अशीच मोकळी जाहली, आणि तिने दोघां बंधूंस एकच घोंगडी दिली, कारण दुसरी तिच्याकडे नव्हती. शके अठराशे ब्याण्णव असे गेले. करडीचा तळ बसला, धड खाली उतरविले, इंजिन बांधिले, रंगाचे सात हात जाहले, आणि शके अठराशे त्र्याण्णव, विरोधकृत् नाम संवत्सरे, ज्येष्ठ मासी नागोजीने किल्ली फिरविली तो पहिल्याच खेपेस इंजिन बोलू लागले. नागोजी पन्नास वर्षे लोखंडात होता, परंतु त्या दिवशी तो यंत्रखान्याच्या मागे जाऊन डोळे पुसून आला. मग आनंदाने श्रीमंतांस वर्दी दिली की काम संपले. श्रीमंत आले, गाडीभोवती फिरले, हात फिरविला, म्हणाले, "उत्तम जाहली." मग थोडे थांबून म्हणाले, "चाकांच्या टोप्या फार चमकत नाहीत. पुन्हा घासाव्या. आणि झाली असे इतक्यात कोणास बोलू नये." नागोजीने टोप्या घासल्या. पुढल्या महिन्यात काचांची रबरे बदलावयास सांगितले, त्याच्या पुढल्या महिन्यात बैठकीचे कापड आवडले नाही. मग गाडीवर कापड घातले आणि सदरेवर कोणी विचारिले तर श्रीमंत म्हणत, "थोडे राहिले आहे." याचे कारण उघड होते. करडी नीट जाहली म्हणजे पिवळी परत द्यावयाची, आणि मानाजीराव मानी. आपली गाडी नाही तर दुसऱ्याच्या गाडीत जागा मागून बसणारे नव्हेत. आणि श्रीमंतांच्या मनात, आपण 'ये' म्हणावे आणि तो 'कशास?' म्हणाला तर, ही शंका. अकरा वर्षे गेल्यावर मनुष्य अशा गोष्टीस भितो.

आठ महिने हे चालले. माघ मासी, सदर भरली असता, नागोजी पांचाळ बोलावल्याशिवाय आला. अंगावर कामाचेच कपडे, हातात करडीची किल्ली. दोघांही बंधूंपुढे किल्ली ठेविली आणि हात जोडून म्हणाला, "महाराज, मला या कामातून मोकळे करावे." श्रीमंत म्हणाले, "का? कोणी काही बोलले?" नागोजी म्हणाला, "दोघेही बोललात, तोच त्रास आहे. गाडी ज्येष्ठात संपली. थोरले महाराज म्हणाले टोप्या घास, कोणास बोलू नको. मी घासल्या. त्याच आठवड्यात धाकट्या महाराजांनी मला घरी बोलाविले. त्यांस पेठेत सुगावा लागला होता. म्हणाले, नागोजी, काम सावकाश कर, बैठकीची शिवण उसव, आणि दादासाहेबांस सांगू नको मी सांगितले म्हणून. मी उसवली. थोरले म्हणाले कापड बदल, मी बदलले; धाकटे म्हणाले पुन्हा उसव, मी उसवली. दोघांनी मला शपथ घातली आहे. परंतु उभ्या गाडीचे रबर सुकते, तेल खाली बसते, टाकीत गंज धरतो. जे मी दोन वर्षे खरडून काढिले तेच आता पुन्हा धरू लागले आहे. आपण दोघे बंधू आपल्यासाठी माझी गाडी मारिता आहात. यापुढे मला खोटे बोलवत नाही. शपथ मोडल्याची काय शिक्षा असेल ती द्यावी."

सिदोपंत कागद चाळू लागले, जरी कागद उलटे होते. श्रीमंतांनी मानाजीरावांकडे पाहिले, आणि मानाजीरावांस दिसत नसता त्यांनीही तोंड तिकडे वळविले. श्रीमंत म्हणाले, "तुला ज्येष्ठापासून ठाऊक होते?" "होय." "आणि आठ महिने माझ्या शेजारी बसून, करडी कधी व्हावयाची, असे विचारीत होतास?" "आपण थोडे राहिले आहे म्हणत होता, मग मी दुसरे काय विचारणार?" श्रीमंतांनी किल्ली उचलून हाती घेतली. मग म्हणाले, "करडी आता बाहेर काढावी लागेल." मानाजीराव म्हणाले, "काढावी. नागोजीचे म्हणणे खरे आहे." "पिवळी तुझ्या अंगणात परत येईल." "येऊ द्या." श्रीमंत म्हणाले, "आणि तू?" मानाजीराव म्हणाले, "करडीचा आवाज मी अजून नीट ऐकला नाही. आपण कशी हाकता ते कोणी ऐकावयास नको काय?" यावर श्रीमंत हसले, आणि थोरले हसले तेव्हा सदर हसली. मग श्रीमंत म्हणाले, "आपण दोघेही खोटे बोललो, आणि या गरिबाकडून बोलविले. अपराध कोणाचा मोठा?" मानाजीराव म्हणाले, "आपला. आपण थोरले." श्रीमंतांनी ते मान्य करून नागोजीस मानाची शाल दिली. त्याने ती घेतली, परंतु हात तेलाचे होते म्हणून बगलेत धरून नेली, आणि लगेच करडीवरचे कापड काढावयास गेला.

एवंच हकीकत. पुढे गुरुवारी दोन्ही गाड्या घाट उतरू लागल्या. करडीत दोघे बंधू, आणि मागून पिवळीत नागोजी, दोहोंपैकी कोणतीही उभी राहून सुकू नये म्हणून. मोठी चांदीच्या पक्ष्याची गाडी सिदोपंतांनी आपल्याकडे ठेविली, ते ती सपाटीवर वापरीत. श्रीमंतांची गाडी नीट व्हावयास दोन वर्षे लागली. ती नीट जाहली असे म्हणावयास आणखी आठ महिने लागले. घडले तैसे लिहिले. कमीजास्त असेल ते लेखकाच्या कानांचा दोष समजावा.